ओपन रेल्समध्ये एआय गाड्यांचा हॉर्न आपोआप कसा वाजवावा: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

ओपन रेल्स या रेल्वे सिम्युलेटरमध्ये गाडी स्वतः चालवताना स्पेसबार दाबला की हॉर्न वाजतो आणि सोडला की थांबतो. त्यात शिकण्यासारखे फारसे काही नाही. अडचण असते ती समोरून किंवा शेजारच्या लाइनवरून येणाऱ्या, सिम्युलेटर स्वतः चालवत असलेल्या गाड्यांची, म्हणजे एआय गाड्यांची. काही न सांगता सोडल्या तर या गाड्या भर वस्तीतले फाटक मुकाट ओलांडून जातात आणि एरवी जिवंत वाटणारा रूट, म्हणजे सिम्युलेटरमधला रेल्वेमार्ग, तेवढ्यापुरता खोटा वाटू लागतो. त्यांचा हॉर्न आपोआप वाजवण्याची सोय सिम्युलेटरमध्ये आहे. मात्र ती मेनूतल्या एखाद्या बटणावर नसून फाइलींमध्ये आहे, आणि म्हणूनच नवा माणूस तिथे चाचपडतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. या कामाच्या दोन स्वतंत्र पद्धती आहेत. पहिली सरसकट आहे: ॲक्टिव्हिटीच्या, म्हणजे आखून दिलेल्या फेरीच्या, फाइलमध्ये एक ओळ घातली की त्या ॲक्टिव्हिटीतील सर्व एआय गाड्या प्रत्येक खऱ्या फाटकापाशी हॉर्न देतात. दुसरी नेमकी आहे: गाडीच्या पाथवर, म्हणजे तिला नेमून दिलेल्या मार्गावर, तुम्ही निवडलेल्या जागी एक विशिष्ट वेटिंग पॉइंट (एरवी गाडीला थांबायला सांगणारा बिंदू) ठेवायचा आणि हॉर्न किती सेकंद वाजवायचा हे त्यातच सांगायचे. पहिली पद्धत पाच मिनिटांत होते, दुसरीला एखादी संध्याकाळ लागते. कोणती कुठे वापरावी हे रूट कोणत्या देशाचा आहे यावर ठरते. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

या दोन्ही पद्धती ॲक्टिव्हिटी मोडसाठी आहेत. टाइमटेबल मोडमध्ये ॲक्टिव्हिटीची फाइलच नसते, त्यामुळे तिथे खालील सूचनांचा उपयोग होणार नाही.

लागणारी साधने

- ओपन रेल्स. हे मोफत आहे आणि २००१ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरचे रूट व गाड्या त्यात चालतात.
- ज्यात किमान एक एआय गाडी आणि किमान एक फाटक आहे अशी ॲक्टिव्हिटी.
- फाइलचे एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याचा प्रकार) दाखवणारा आणि ते न बदलता जतन करणारा मजकूर संपादक. नोटपॅड++ पुरेसा आहे. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांतील साधा नोटपॅडही चालतो.
- ट्रॅकव्ह्यूअर. रूटचा नकाशा दाखवणारे आणि पाथ बदलू देणारे हे साधन ओपन रेल्सबरोबरच येते आणि सुरुवातीच्या खिडकीतील टूल्स या मेनूत सापडते.
- हेडफोन. लॅपटॉपच्या स्पीकरवर दूरचा हॉर्न आणि इंजिनाची घरघर वेगळी ओळखणे कठीण जाते.
- बदल करायच्या प्रत्येक फाइलची मूळ प्रत, दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवलेली.

१. इंजिनाचा हॉर्न बाहेरून ऐकू येतो का, ते आधी पाहा

बहुतेक जण थेट ॲक्टिव्हिटीची फाइल उघडतात, ओळ घालतात, काही ऐकू आले नाही की ओळ पुन्हापुन्हा तपासत बसतात. पुष्कळदा ओळ बरोबरच असते. इंजिनाच्या ध्वनीची मांडणी अपुरी असते. म्हणून पहिली पायरी ही.

जे इंजिन एआय गाडीला लावलेले आहे तेच इंजिन घेऊन एक साधी फेरी सुरू करा. कॅबमध्ये बसून स्पेसबार दाबा. मग कळफलकावरील २ दाबून बाहेरचा कॅमेरा घ्या आणि पुन्हा स्पेसबार दाबा. शेवटी ४ दाबून रुळांच्या कडेचा कॅमेरा घ्या, गाडी चालत असताना तिला काहीशी दूर जाऊ द्या आणि तिसऱ्यांदा हॉर्न वाजवा. तीनही ठिकाणी आवाज आला तर पुढच्या पायरीकडे जा. कॅबमध्ये आवाज येतो पण बाहेर येत नाही, असे झाले तर एआय गाडीचा हॉर्न तुम्हाला कधीच ऐकू येणार नाही, कारण तिच्या कॅबमध्ये तुम्ही बसलेले नसता.

असे का होते हे थोडे समजून घ्या. प्रत्येक इंजिनाची एक ईएनजी फाइल असते आणि तिचे दोन मोठे भाग असतात. वॅगन या भागात नोंदलेली ध्वनिफाइल बाहेरच्या आवाजांसाठी असते, तर एंजिन या भागात नोंदलेली कॅबमधील आवाजांसाठी. या ध्वनिफाइलींचे एक्सटेन्शन एसएमएस असे असते आणि त्या इंजिनाच्या फोल्डरमधील साउंड या उपफोल्डरमध्ये असतात. कोणत्या घटनेला कोणता आवाज वाजवायचा हे या फाइलीत ‘डिस्क्रीट ट्रिगर’ नावाच्या क्रमांकांनी ठरते. हॉर्न सुरू होण्याचा क्रमांक ८ आणि हॉर्न बंद होण्याचा ९. अमेरिकी इंजिनांवरील घंटेसाठी १० आणि ११ हे क्रमांक आहेत. त्यांच्याशी गल्लत करू नका.

बाहेरच्या आवाजांची एसएमएस फाइल संपादकात उघडा आणि ८ व ९ या क्रमांकांचे ट्रिगर शोधा. नसतील तर कॅबच्या फाइलीतील हॉर्नचा पूर्ण स्ट्रीम, म्हणजे ‘स्ट्रीम’ या शब्दापासून त्याचा कंस बंद होईपर्यंतचा मजकूर, उचलून बाहेरच्या फाइलीत इतर स्ट्रीमच्या शेजारी ठेवा. वर स्ट्रीमची एकूण संख्या लिहिलेली असते, ती एकने वाढवा. स्ट्रीममध्ये उल्लेखलेली वेव्ह फाइल साउंड फोल्डरमध्ये खरोखर आहे का, तेही पाहून घ्या.

त्याच फाइलीच्या आरंभी ‘ॲक्टिव्हेशन’ आणि ‘डीॲक्टिव्हेशन’ अशा दोन ओळी असतात आणि त्यांत अंतराचा आकडा मीटरमध्ये दिलेला असतो. किती अंतरावर ऐकणारा असताना ही ध्वनिफाइल चालू ठेवायची, हे त्यावरून ठरते. जुन्या मोफत इंजिनांमध्ये हा आकडा कधीकधी फारच लहान असतो. मग गाडी अगदी अंगावर आल्यावरच हॉर्न ऐकू येतो, आणि तोवर तो वाजून संपलेलाही असू शकतो. १००० हा आकडा दोन्हीकडे ठेवला तर फाटकाजवळ उभ्या असलेल्या कॅमेऱ्याला गाडी पुरेशा दुरून ऐकू येते.

२. रूटच्या देशातील रीत ठरवून घ्या

ही पायरी तांत्रिक नाही, तरी ती ओलांडून पुढे जाऊ नये, असे माझे मत आहे. फाटकापाशी हॉर्न देण्याची पद्धत सगळीकडे सारखी नाही, आणि सिम्युलेटर तुमच्यासाठी ती ठरवत नाही.

अमेरिकेत २००५ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमानुसार सार्वजनिक रस्त्याच्या फाटकाआधी किमान १५ आणि कमाल २० सेकंद हॉर्न सुरू व्हावा लागतो, त्याची लय दोन लांब, एक आखूड, एक लांब अशी असते आणि इंजिन फाटकावर पोहोचेपर्यंत ती सुरू ठेवायची असते. मात्र हॉर्न पाव मैलापेक्षा, म्हणजे सुमारे ४०० मीटरपेक्षा, दुरून सुरू करायचा नाही. ताशी ६० मैल वेगाने पाव मैल कापायला बरोबर १५ सेकंद लागतात, त्यामुळे त्याहून वेगवान गाड्यांना १५ सेकंदांपेक्षा कमी वेळ मिळतो आणि नियमाला ते मान्य आहे. अशा रूटवर, उदाहरणार्थ मूळ सिम्युलेटरसोबत आलेल्या माँटाना राज्यातील मरायस पासवर, सरसकट पद्धत शोभून दिसते.

ब्रिटनमध्ये उलट परिस्थिती आहे. तेथे दरवाजे असलेल्या नेहमीच्या फाटकापाशी प्रत्येक गाडी हॉर्न देत नाही. रुळाकडेला शिट्टीचा फलक जिथे लावलेला असेल तिथे देते, आणि असे फलक मुख्यतः पायवाटांच्या व शेतातल्या फाटकांआधी असतात. मध्यरात्री १२ ते सकाळी ६ या वेळेत त्या फलकांपाशीही एरवी हॉर्न देत नाहीत. ब्रिटिश रूटवर सरसकट पद्धत लावली तर जिथे शांतता हवी तिथे गोंगाट होतो आणि जिथे हॉर्न हवा तिथे शांतता राहते.

भारतीय रूटवर मी दुसरीच, म्हणजे वेटिंग पॉइंटची, पद्धत वापरावी असे सांगेन. आपल्याकडे फाटकाच्या साधारण ६०० मीटर आधी ‘सी/फा’ असा पिवळा फलक असतो; सीटी आणि फाटक यांची ती आद्याक्षरे. तेथून लोको पायलटने लांब शिट्टी द्यायची असते. ब्रॉडगेजवरील रखवालदार नसलेली फाटके जानेवारी २०१९ अखेर बंद झाली, तरी रखवालदार असलेल्या फाटकांआधीचा हा फलक आणि ती शिट्टी अजून आहे. सिम्युलेटरच्या सरसकट पद्धतीत हॉर्न फक्त दोन ते पाच सेकंद वाजतो, तेव्हा आपल्या कानाला सवयीची ती लांबच लांब शिट्टी त्यातून मिळत नाही.

३. सरसकट पद्धत: ॲक्टिव्हिटीच्या फाइलीतील एक ओळ

रूटच्या फोल्डरमध्ये ॲक्टिव्हिटीज नावाचा फोल्डर असतो आणि त्यात प्रत्येक ॲक्टिव्हिटीची एसीटी एक्सटेन्शन असलेली फाइल असते. तिची प्रत दुसरीकडे ठेवा आणि मूळ फाइल संपादकात उघडा.

फाइल उघडल्यावर पहिली ओळ ‘सिमिसा’ या अक्षरांनी आणि पुष्कळ ‘ॲट’च्या चिन्हांनी सुरू होताना दिसेल, तिला हात लावू नका. आता शोध सुविधेने ‘नेक्स्ट ॲक्टिव्हिटी ऑब्जेक्ट यूआयडी’ हा शब्द शोधा. फाइलीत तो रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता, सलग लिहिलेला असतो. त्याच्यापुढे कंसात ३२७६८ किंवा त्याच्या आसपासचा एखादा आकडा असेल. तो प्रत्येक ॲक्टिव्हिटीत वेगळा असतो. या ओळीच्या शेवटी एंटर दाबा आणि तिच्या लगेच खाली पुढील ओळ लिहा:

ओआरटीएस-एआय-हॉर्न-ॲट-क्रॉसिंग्ज ( १ )

येथे वाचायला सोपे जावे म्हणून जोडरेषा घातल्या आहेत. फाइलीत संपूर्ण शब्द रोमन लिपीत, जोडरेषा आणि रिकाम्या जागा वगळून, सलग लिहायचा आहे: आधी ओ, आर, टी, एस ही चार अक्षरे, मग ए आणि आय, आणि मग हॉर्न, ॲट, क्रॉसिंग्ज हे तीन इंग्रजी शब्द. शेवटचा शब्द अनेकवचनी आहे. त्यातले शेवटचे एस अक्षर राहिले तर सिम्युलेटर ती ओळ ओळखत नाही. शब्दानंतर एक जागा, मग कंस, कंसाच्या आत दोन्ही बाजूंना एकेक जागा आणि मध्ये एकचा आकडा. हा आकडाही इंग्रजी असावा लागतो, देवनागरी चालत नाही. मराठी कळफलक चालू ठेवून काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

आता फाइल जतन करा. येथे तीन सापळे आहेत.

पहिला एन्कोडिंगचा. या सिम्युलेटरच्या मजकूर फाइली यूटीएफ-१६ एलई या प्रकारात असतात. संपादकाच्या खालच्या पट्टीत हा प्रकार दिसतो. जतन करण्यापूर्वी आणि नंतर तो तोच आहे ना, ते पाहा. तो बदलला तर जुनी साधने फाइल उघडण्यास नकार देतात.

दुसरा नावाचा. विंडोज एक्सटेन्शन लपवते, त्यामुळे साध्या नोटपॅडमधून ‘सेव्ह ॲज’ केले की एसीटीच्या पुढे टीएक्सटी चिकटते आणि तुम्ही बदललेली फाइल सिम्युलेटर वाचतच नाही. फोल्डरच्या व्ह्यू मेनूत जाऊन एक्सटेन्शन दाखवण्याची खूण कायमची लावून ठेवा.

तिसरा फोल्डरचा. मूळ सिम्युलेटर प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरमध्ये बसवलेला असेल तर विंडोज तेथे लिहू देताना आडकाठी करते. रूटचा संच सी ड्राइव्हवर किंवा अन्य ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये हलवून ओपन रेल्सच्या पर्यायांत त्या फोल्डरचा पत्ता देणे हा कायमचा उपाय.

आणखी एक सावधगिरी. ही ओळ ओपन रेल्सची आहे. मूळ सिम्युलेटरच्या ॲक्टिव्हिटी एडिटरला ती ठाऊक नाही. नंतर कधी तुम्ही तीच ॲक्टिव्हिटी त्या जुन्या एडिटरमध्ये उघडून जतन केली तर ओळ जागेवर राहिली आहे का, ते तपासा. म्हणूनच ॲक्टिव्हिटीचे बाकी सर्व काम आधी संपवावे आणि हॉर्नची ओळ सर्वांत शेवटी घालावी.

४. अमेरिकी लय हवी असल्यास

वरची एकच ओळ घातली तर एआय गाडी प्रत्येक फाटकापाशी दोन ते पाच सेकंदांमधला कोणताही कालावधी निवडून एकच हॉर्न देते. अमेरिकी रूटवर दोन लांब, एक आखूड, एक लांब ही लय हवी असेल तर तिच्या खाली दुसरी ओळ घाला:

ओआरटीएस-एआय-क्रॉसिंग-हॉर्न-पॅटर्न ( यूएस )

लिहिण्याची रीत तीच. मात्र येथे क्रॉसिंग हा शब्द एकवचनी आहे आणि तो हॉर्न या शब्दाच्या आधी येतो. पहिल्या ओळीची नक्कल करून दुसरी तयार करताना नेमकी येथे चूक होते. तसेच ही ओळ पहिलीच्या जोडीने लिहायची असते, पहिलीऐवजी नाही.

५. खरे फाटक आणि नुसता ओलांडलेला रस्ता

ओळ घातली, इंजिनाचा हॉर्न बाहेर ऐकू येतो, तरीही एखाद्या फाटकापाशी गाडी गप्प राहते, असे झाले तर दोष बहुधा फाटकातच असतो. रूट बनवणारा कधी फाटकाची खरी वस्तू ठेवतो, जिच्याशी गेट पडणे, दिवे लागणे, घंटा वाजणे हे सारे जोडलेले असते. आणि कधी रुळांवर नुसता रस्त्याचा तुकडा टाकून पुढे जातो. डोळ्यांना दोन्ही जवळपास सारखे दिसतात. सिम्युलेटरच्या दृष्टीने दुसऱ्या प्रकारात फाटक नाहीच.

खात्री करायची तर ट्रॅकव्ह्यूअर उघडा, रूट निवडा आणि संबंधित भाग मोठा करून पाहा. खरी फाटके नकाशावर दिसतात, नुसते रस्ते दिसत नाहीत. ज्या जागी फाटक दिसत नाही पण हॉर्न हवा आहे, त्यांची यादी करा. ती पुढच्या पायरीत लागेल. भारतीय रूटवर या यादीत बोगद्यांची तोंडेही घाला, कारण बोगद्यापूर्वी शिट्टी देण्याची आपल्याकडे रीत आहे आणि बोगदा हे काही फाटक नव्हे. कोकण रेल्वेचा रूट असेल तर रत्नागिरीजवळच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यापाशी मुकाट शिरणारी गाडी पाहून मला तरी चुकल्यासारखे होते.

६. नेमकी पद्धत: हॉर्नचा वेटिंग पॉइंट

एआय गाडी ज्या पाथवरून जाते त्यावर वेटिंग पॉइंट ठेवता येतो आणि त्यात किती सेकंद थांबायचे हे लिहिता येते. ओपन रेल्सने या सेकंदांच्या काही ठरावीक संख्यांना वेगळा अर्थ दिला आहे. ६००११ ते ६००२० यांपैकी संख्या लिहिली तर गाडी तेथे थांबत नाही. आपल्या वेगाने जात राहते आणि हॉर्न देते. शेवटचे दोन अंक कालावधी सांगतात: ६००११ म्हणजे १ सेकंद, ६००१५ म्हणजे ५ सेकंद, ६००२० म्हणजे १० सेकंद. १० सेकंदांहून लांब हॉर्न एका बिंदूने देता येत नाही. तुमच्या साधनातील चौकट सेकंदांऐवजी मिनिटे आणि सेकंद विचारत असेल तर ६००११ सेकंद म्हणजे १००० मिनिटे ११ सेकंद, हे लक्षात ठेवा. १००० मिनिटे कायम आणि पुढचे सेकंद ११ ते २०.

काम असे करावे. एआय गाडीच्या सर्व्हिस फाइलीत, म्हणजे तिची नेमणूक नोंदवणाऱ्या फाइलीत, ती कोणता पाथ वापरते ते पाहा. हाच पाथ इतर गाड्याही वापरत असतील तर त्याची नव्या नावाने प्रत करा आणि फक्त हव्या त्या सर्व्हिसला नवा पाथ जोडा. नाहीतर मालगाडीसाठी ठेवलेला हॉर्न मागून येणारी एक्सप्रेसही देईल. मग ट्रॅकव्ह्यूअरमध्ये तो पाथ उघडून संपादन चालू करा, हव्या जागी वेटिंग पॉइंट ठेवा, संख्या लिहा आणि पाथ जतन करा.

दोन नियम पाळावे लागतात. हॉर्नच्या बिंदूपुढे खरा थांबा असेल, म्हणजे गाडी जेथे खरोखर थांबते असा वेटिंग पॉइंट असेल, तर तेथे पोहोचण्यापूर्वी हॉर्न वाजून संपला पाहिजे. आणि थांब्यानंतर सुटताना हॉर्न हवा असेल तर हॉर्नचा बिंदू थांब्याच्या थोडा पुढे ठेवावा. दोन्ही बिंदू एकाच जागी ठेवू नयेत. एकामागून एक असे हॉर्नचे अनेक बिंदू ठेवायला मात्र हरकत नाही, आणि भारतीय रूटसाठी आपण याचाच फायदा घेणार आहोत.

७. ‘सी/फा’ फलकाची लांब शिट्टी: अंतरांचा हिशोब

समजा गाडीचा फाटकाजवळचा वेग ताशी १०० किलोमीटर आहे. म्हणजे ती सेकंदाला सुमारे २७.८ मीटर जाते आणि ६०० मीटर कापायला तिला साडेएकवीस सेकंद लागतात. दहा सेकंदांच्या एका हॉर्नमध्ये ती २७८ मीटर जाते. तेव्हा ६०० मीटर व्यापायला दोन बिंदू हवेत.

पहिला बिंदू फलकापाशी, फाटकापूर्वी ६०० मीटरवर, ६००२० या संख्येचा. त्याचा हॉर्न फाटक ३२२ मीटरवर असताना संपेल. दुसरा बिंदू फाटकापूर्वी २८० मीटरवर, पुन्हा ६००२० चा. मध्ये सुमारे दीड सेकंद शांतता राहील आणि दुसरा हॉर्न इंजिन फाटकावर येता येता थांबेल. मधली ही दीड सेकंदाची फट मी मुद्दाम ठेवतो: गाडी ताशी ११० ने आली तर दहा सेकंदांत ३०६ मीटर जाते आणि तरीही पहिला हॉर्न दुसऱ्या बिंदूवर चढत नाही. शिवाय लोको पायलटही हॉर्नची कळ एकदा धरली की सोडतच नाही असे नाही. ती छोटी फट कानाला खटकत नाही, उलट खरी वाटते.

वेग कमी असेल तर हिशोब बदलतो. ताशी ६० ने गाडी दहा सेकंदांत १६७ मीटरच जाते आणि वरच्या दोन बिंदूंमध्ये सुमारे नऊ सेकंदांची शांतता पडते. घाटातल्या किंवा वेगमर्यादा असलेल्या भागात म्हणून तीन बिंदू घ्या: ६०० मीटर, ४०० मीटर आणि २०० मीटर. वेगमर्यादा कोणती, हे कागदावरच्या अंदाजाने ठरवू नका. ॲक्टिव्हिटी चालवून एआय गाडी त्या जागी प्रत्यक्ष किती वेगाने येते ते पाहा. सिग्नल पिवळा मिळाला की तीच गाडी निम्म्या वेगाने येते आणि तुमचा हिशोब तेवढ्यापुरता कोलमडतो. त्यावर इलाज नाही, आणि मला विचाराल तर तो शोधण्यात वेळही घालवू नये.

एकाच ॲक्टिव्हिटीत सरसकट ओळ आणि वेटिंग पॉइंट दोन्ही ठेवायचे का, असा प्रश्न येतो. एकाच फाटकासाठी दोन्ही ठेवू नयेत, कारण दोन आज्ञा एकमेकींवर येतात. सरसकट ओळीतून एखादे फाटक वगळण्याची सोय नाही, म्हणून काही फाटकांवर वेगळा हॉर्न हवा असेल तर ओळ काढून टाका आणि सर्वत्र वेटिंग पॉइंटच वापरा. सरसकट ओळ ठेवून फक्त नुसत्या रस्त्यांवर आणि बोगद्यांपाशी वेटिंग पॉइंट ठेवणे मात्र चालते.

८. चाचणी

ॲक्टिव्हिटी सुरू करा आणि बाहेरचा कॅमेरा घेऊन ऑल्ट व ९ या कळा एकत्र दाबा. प्रत्येक वेळी कॅमेरा पुढच्या गाडीवर जातो. हवी ती एआय गाडी सापडली की तिच्यासोबत फाटकापर्यंत जा. एकदा गाडीशेजारून ऐका, दुसऱ्या फेरीला ४ दाबून रुळाकडेचा कॅमेरा घ्या आणि फाटकाजवळून ऐका. परत आपल्या गाडीवर येण्यासाठी नुसते ९ दाबा.

ॲक्टिव्हिटी आधी अर्धवट जतन केलेली असेल तर तिथून पुढे चालू करून चाचणी करू नका. बदल फाइलीतून नव्याने वाचले जावेत यासाठी ती सुरुवातीपासूनच चालवा.

९. लक्षणांवरून दोष ओळखणे

कोणत्याच फाटकापाशी कोणतीच गाडी हॉर्न देत नसेल तर ओळीचे शुद्धलेखन, कंस आणि फाइलीचे एक्सटेन्शन तपासा. त्यानंतर डेस्कटॉपवर तयार होणारी ओपन रेल्सची लॉग फाइल उघडा आणि तुमच्या ॲक्टिव्हिटीचे नाव शोधा. कंस कमीजास्त झाला असेल तर बहुधा त्या फाइलीच्या नावासह सूचना आलेली दिसेल.

एकाच इंजिनाची गाडी गप्प असेल आणि बाकीच्या वाजत असतील तर पायरी १ कडे परत जा. वेव्ह फाइल सापडली नसेल तर तीही तक्रार लॉगमध्ये असते. इंजिन बरोबर असूनही आवाज नसेल तर ओपन रेल्सच्या पर्यायांत ऑडिओ या भागातील ध्वनीच्या तपशिलाची पातळी पाहा; ती खाली आणलेली असेल तर काही ध्वनिफाइलींतले स्ट्रीम वगळले जातात. ५ ठेवून पुन्हा ऐका.

हॉर्न सुरू होऊन थांबतच नसेल तर एसएमएस फाइलीत ८ क्रमांकाचा ट्रिगर आहे पण ९ क्रमांकाचा नाही, किंवा तो दुसऱ्याच स्ट्रीममध्ये जाऊन पडला आहे.

गाडी हॉर्न न देता मध्येच उभी राहिली आणि हलत नसेल, तर वेटिंग पॉइंटमधील संख्या ६००११ ते ६००२० या पट्ट्याबाहेर गेली आहे. ६०००० सेकंद म्हणजे १६ तास ४० मिनिटे होतात, तेव्हा ती आपोआप सुटेल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. पाथ उघडून संख्या दुरुस्त करा.